आत्याची नजर

“चला, आता करडायवर पोतं टाकायची तकलीफ न्हाई राहिली.”

आत्याच्या तेराव्याला, मांडवामागे पुऱ्या लाटता लाटता शेजारची सून हे म्हणाली, आणि दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. कुणी दचकलं नाही. ‘इंग्रजी शाळेतली मुकी पोरगी’ हीच गावात माझी ओळख. माझ्यासमोर काहीही बोललेलं चालतं.

शेवंताआत्या, बाबांची थोरली बहीण, गेल्या महिन्यात गेली. नवरा वारल्यापासून ती हिंगोली जिल्ह्यात, गोरेगावजवळ आमच्या गावी, आमच्याच घरात राहायची. चांगलं काही दिसलं की तिला राहवत नसे. कुणाची हळद पिवळीधमक निघाली, कुणाच्या शेळीला जुळी करडं झाली की आत्या थांबणार, करडाची हनुवटी धरणार आणि म्हणणार, “काय गुटगुटीत हाय गं माय हे!” मी सुट्टीत हिंगोलीच्या शाळेतून आले की माझ्या गप्प राहण्याचंसुद्धा कौतुक व्हायचं. “बोलत न्हाई, पण ध्यान बराबर हाय पोरीचं.”

मी नववीत होते, सुट्टीला घरी आले होते. शेजारच्या दत्तूकाकांनी बाजारासाठी दोन बोकड पोसले होते. गहू घरात आला त्या संध्याकाळी, बोकडांनी लवकर अंग धरावं म्हणून काकांनी त्यांच्यापुढे टोपलंभर गहू ओतला. आत्या तिथून जात होती. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “दत्तू, राजावानी दिसून राहिले रे!” सकाळी दोन्ही बोकड माना मागे टाकून ताठ पडलेले. दुपारपर्यंत गावभर झालं, शेवंताची नजर लागली...

जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी एका बोकडाचं पोट उघडून आतडी पाहिली, काय खाऊ घातलं ते विचारलं. मी कुंपणापाशी होते. काकांनी खरं ते सांगितलं. “आंत्रविषार आहे हा,” डॉक्टर म्हणाले. “जंतू आतड्यात असतातच. एकदम इतकं धान्य मिळालं की ते वाढतात आणि विष सोडतात. जो जास्त खातो, तोच आधी जातो. लस टोचून घ्या म्हणालो होतो ना?” काकांनी मान डोलावली. मग काका ओसरीवर आले आणि जमलेल्यांना म्हणाले, “डॉक्टरलाबी काही समजलं न्हाई.”

मी घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “भिंतीला भिंत हाय. काहून वैर घ्यायचं?” आत्या तर हसली. “माही नजर येवढी जालीम असती, तं दत्तूचं पोट काहून न्हाई फुटलं अजून?”

पुढच्या वर्षीपासून पावसाळा तोंडावर आला की काका सगळ्यांच्या आधी शेळ्यांना लस टोचून घेऊ लागले. म्हणजे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही आत्या दिसली की त्यांच्या दारातली करडं पोत्याखाली जायची. पुढे गावानेही तेच धरलं. बारशाला तिला बोलावणं येईना. ती लांबच्या वाटेने विहिरीवर जाऊ लागली. हसणं कमी झालं, मग कौतुक करणंही...

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आधी तिच्याकडे गेले. तिने वर पाहिलंच नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, “म्या काही म्हणत न्हाई, बाई. तुला काही व्हायला नको.”

तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. इतकी वर्षं झाली, पण हे आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. एका माणसाला आपली चूक कबूल करायची नव्हती, म्हणून आत्याच्या तोंडातला चांगला शब्द गेला. आणि हे सगळं आम्ही शेजारधर्म म्हणून चालू दिलं.

तेराव्याला मी कळशी खाली ठेवली आणि मांडवात गेले. पंगत बसली होती. दत्तूकाका मधोमध बसून सांगत होते, “बाई मनानं लई चांगली होती, पण एकेकाची नजरच तशी असते. तिला तरी काय बोल लावावा?” लोक माना हलवत होते. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

“काका, तुमचे बोकड तुम्ही घातलेल्या गव्हाने मेले. डॉक्टरांनी तुम्हाला तसं सांगितलं होतं. माझ्या आत्याने त्यांना नुसतं चांगलं म्हटलं होतं.”