चौथी फाइल

आमच्या शेठच्या तीन जागा होत्या: बमरोलीला लूमचं खातं म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, पांडेसऱ्याला रंगाईची मिल आणि रिंगरोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीला एसी बसवून तिला कॉम्प्युटर रूम म्हणायचे. तिथे मी बसायचे, आणि माझ्या शेजारी माझा चुलत भाऊ. डिप्लोमा करून तो घरी बसला होता, काकू रोज आईपाशी येऊन रडायची, म्हणून मीच शेठपुढे शब्द टाकला होता. काम मीच शिकवलं. त्याला काय काय येतं याची मला खडान्‌खडा माहिती होती. तो काय करू शकतो, ती मात्र नव्हती.

तिन्ही जागांचा हिशेब एक्सएमएल फाइलींमधून फिरायचा, आणि प्रत्येक जागेची स्कीमा निराळी. स्कीमा म्हणजे नियमांची फाइल. कोणती गोष्ट कुठे लिहायची, कशानंतर काय येणार, काय सुटलं तर चालणार नाही, हे ती कॉम्प्युटरला सांगते. या तीन स्कीमा तीन वेगळ्या माणसांनी आपापल्या अकलेने लिहिल्या होत्या. तिघींत एकच गोष्ट सारखी होती: टाका. टाका म्हणजे लूमवरून उतरलेला कापडाचा अख्खा तागा. लूमवाल्यांच्या टाक्याला लूमचा नंबर असायचा, मिलवाल्यांच्या टाक्याला लॉट आणि रंग, दुकानवाल्यांच्या टाक्याला भाव. कापड तेच, पण तिघांच्या लेखी ते तीन निराळे टाके होते. त्यामुळे बमरोलीहून निघालेला टाका मिलमध्ये कुठे अडकलाय हे शेठला फोन केल्याशिवाय कळत नसे, आणि फोनवर तिन्हीकडचे मॅनेजर एकमेकांवर ढकलत.

"जे आ त्रणे भेगुं करी आपशे, त्रणे एज संभाळशे," शेठ एक दिवस आम्हा दोघांसमोर म्हणाले. जो हे तिन्ही एकत्र करून देईल, तिन्ही तोच सांभाळेल.

मला ते हवं होतं. सांगायला लाज कसली? डिंडोलीला आमच्या गल्लीत बायका दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात, सुटे धागे कापतात आणि दलाल देईल ते घेतात. माझी आईही तेच करत आली. मला एकदा मॅनेजरांनी म्हणायला हवं होतं, बेनने पूछो, ताईंना विचारा. तीन जागांचं काम माझ्या हाताखाली यायला हवं होतं, एवढंच.

तीन स्कीमा नुसत्या एकत्र आणल्या तर कॉम्प्युटर अडून बसायचा: टाका मला आधीच सांगितलाय, आता हा दुसरा कुठला? भावाने सुचवलं, नावं बदलू, लूमटाका, मिलटाका. मी म्हटलं, अरे बाबा, मग ते एकच कापड आहे हे कोणाला कळणार? खूप डोकं खाजवल्यावर मला मार्ग सापडला. तिघांना लागतं तेवढंच, टाक्याचा नंबर, क्वालिटी, मीटर, असं एका चौथ्या फाइलीत ठेवायचं. ती फाइल लूमची नाही, मिलची नाही, दुकानाचीही नाही. तिला स्वतःचं नाव, स्वतःची ओळख. टाका हवा असला की तिघांनी तिच्याकडे यायचं आणि त्यावर आपापलं काय ते आपल्या घरी जोडायचं. उद्या मिलने आपले नियम बदलले तरी लूमवाल्याचं काम अडणार नाही. हे सगळं मी त्याला डबा खाता खाता सांगितलं, बोटांनी टेबलावर चौकोन काढून. तो मान डोलवत होता.

श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसणार होती, म्हणून मी शनिवारची आणि सोमवारची सुट्टी घेतली. शेठला सोमवारनंतर दाखवायचं ठरलं होतं. सगळं तयारच होतं. "ताई, तू बिनधास जाय," तो म्हणाला. "मी शे ना." मी आहे ना.

आम्ही खानदेशातले. कानबाईला नैवेद्याचे गव्हाचे रोट करतात, आणि रोट ज्याने त्याने खायचे नसतात. एका भाऊबंदकीची माणसंच ते खातात. गहू घरच्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने घेतात. लग्न झालेल्या मुलीला आमच्याकडे रोट देत नाहीत, ती दुसऱ्या घरची झाली. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मी अजून पंक्तीत होते. रविवारी तो संध्याकाळी आला, कानबाईपुढे घामाघूम होईपर्यंत नाचला, आणि माझ्याच शेजारी बसून रोट खाल्ले. माझ्या ताटात खीर कमी दिसली तर आईला हाक मारून वाढायला लावली.

मंगळवारी ऑफिसात जाऊन बघते तर चौथी फाइल नव्हती. टाका होता, पण मिलच्या स्कीमात. मिलची स्कीमा तो सांभाळायचा. माझं लिहिलेलं त्याने जसंच्या तसं उचलून आपल्या फाइलीत घातलं होतं आणि बाकीच्या दोघींना तिच्या दारात उभं केलं होतं. आता लूमवाल्याला साधा टाका नोंदवायचा तर मिलचे सगळे रंग आणि लॉट गळ्यात घेऊन फिरावं लागणार होतं. मिलच्या फाइलीशिवाय दोघींचं पान हलणार नव्हतं, आणि मिलच्या फाइलीचा मालक तो. शनिवारी, मी घरात भिंती पुसत असताना, त्याने शेठला दाखवूनही टाकलं होतं.

म्हणजे रविवारी तो माझ्या शेजारी बसला तेव्हा हे सगळं झालेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला होता त्याने माझा, आणि वर खीर वाढायला लावली होती.

"अगं, एक फाइल कमी झाली ना, सोपं झालं," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

मी शेठकडे गेले. हे चुकीचं बांधलंय, मिलमध्ये काही बदललं की लूमचं अडेल, हे चौकोन काढून सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "चाले छे ने, बेन? पछी शुं वांधो?" चालतंय ना, मग हरकत काय. चालत तर होतंच. तिन्ही जागा त्या दिवसापासून भावाकडे गेल्या.

संध्याकाळी घरी गेले ती धुमसतच. वडील जेवायला बसले होते. जन्मभर लूमच्या खडखडाटात काम केल्याने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात सगळं ओरडूनच बोलतात. मी ओरडून सगळं सांगितलं. टाका, चौथी फाइल, शनिवार. त्यातलं त्यांना काही कळणार नाही हे माहीत होतं, पण पुतण्याने दगा दिला एवढं तरी कळेल, ते उठतील, काकांकडे जातील, चार शब्द सुनावतील, असं मला वाटत होतं. तेवढ्यानेही माझं निभलं असतं.

ते भाकरी मोडत राहिले. त्यांना नवल वाटलेलं नाही हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. काय झालं, कसं झालं, त्यांनी काहीच विचारलं नाही. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळलीच नाही.

"तो उना व्हता मन्हाकडे," ते शेवटी म्हणाले. "शुक्रवारे. इचारी गया."

"काय विचारून गेला?"

"करू का म्हने. मी हा म्हनं." नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं. "तू काय, आज ना उद्या परघर जाशी. तुन्हं काम बी तुन्हासंगे जाई. तो आठेच राही ना. म्हातारपने आम्हले कोन देखी? घरनं घरमाच ऱ्हायनं." मी परघरी जाणार, तो इथेच राहून त्यांना बघणार; घरचं घरातच राहिलं.

भावावर मला आलेला राग एका क्षणात कुठल्या कुठे गेला. त्याच्याशी मी भांडले असते, महिनोन्‌महिने बोलले नसते, आणि कधीतरी मन निवलंही असतं. मी वडिलांकडे बघत राहिले. माझ्या शाळेची फी भरायची म्हणून लागोपाठ दोन पाळ्या केलेला हा माणूस. पहिला कॉम्प्युटर घ्यायला माझ्याबरोबर दुकानात येऊन तासभर नुसता उभा राहिलेला.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, ओरडून विचारावं लागलं.

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, लाजही नव्हती.

"तू नई म्हनती ना, माय," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.