पुलापर्यंत आवाज

पवित्र आठवड्याची सुट्टी लागली की पुरिंगच्या वस्तीतली माणसं गुरुवारी संध्याकाळी मिळून अंतिपोलोच्या चर्चमधल्या माउलीला, येशूच्या आईला, पायी निघतात. ती माउली प्रवासाला गेलेल्यांची राखणदार, आणि पुरिंगचा एकुलता एक रुदी बोटीवर नोकरीला. पोरगं पहिल्यांदा समुद्रावर गेलं तेव्हाच तिनं नवस बोलला होता: याला सुखरूप ठेव, याचा हात धरून चालत येईन. माउलीनं आपलं काम चोख केलं. रुदीची रजा मात्र या आठवड्यात कधी पडलीच नाही. या वर्षी पडली, तीही निसटती. शनिवारी त्याला परत बोट गाठायची होती.

आता वस्तीचं चॅपल. याच आठवड्यात तिथं येशूच्या यातनांची पोथी गातात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, छपरावरच्या भोंग्यातून. नियम एकच, आवाज तुटता कामा नये. पुढच्यानं सूर उचलल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही, नाहीतर वस्तीवर वर्षभर संकट. हे सगळे मानतात. मानायला सगळे आणि गायला पुरिंग, अशी ही वाटणी वर्षानुवर्षं चालत आली होती.

या खेपेला मात्र तिनं शेजारच्या नेनिताकडून वचन घेतलं होतं. ऊन उतरलं की नेनितानं माइक घ्यायचा आणि पुरिंगनं चालू लागायचं. म्हणून ती यात्रेचा पिवळा टीशर्ट घालूनच गायला बसली. रुदीनं परदेशातून आणलेले नवे बूट पायांत होते, नाड्यासुद्धा बांधलेल्या.

ऊन उतरलं. नेनिता नाही. समोरच्या बाकावर मोतीबिंदूवाला म्हातारा इस्को डुलक्या घेत होता. त्याला अक्षर दिसत नाही, त्याच्या हाती पोथी देऊन काय उपयोग? दारात रुदी येऊन उभा राहिला. तेवढ्यात यात्रेची पुढारीण मामेंग आली. तिला कायम घाई.

"अरे, तू इथं काय करतोस? माणसं निघाली ना!"

"आई यायचीय अजून."

"येईल रे! नेनिता आली की जीपनं येऊन पुलाजवळ गाठेल आपल्याला. हो ना, पुरिंगमावशी?"

पुरिंगनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पण गाताना तिची मान तशीही हलतेच. मामेंगनं पोराचं मनगट धरलं आणि गेली घेऊन.

खिडकीतून पुरिंगला रस्ता दिसत होता. पिवळ्या टीशर्टांची रांग निघाली होती, आणि त्या रांगेत छत्री फिरवत, कुणाशी तरी खिदळत चालली होती नेनिता! पुरिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावं तर सूर तुटणार. मग तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. पोथी मिटली आणि त्याच चालीवर भोंग्यातून गायला लागली:

"नेनिता गं नेनिता, कुठं निघालीस निलाजरे,
माझ्या जागी कोण बसेल, दिलेला शब्द आठव गं.
रुदी बाळा, थांब रे, आई इथं अडकली रे."

एकदा गायली, दोनदा गायली, घसा फाटेपर्यंत गायली. दाराकडे बघत राहिली. कुणी येईना. रस्ता रिकामा झाला तेव्हा तिनं पोथी उघडली आणि सुटलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत येशूला एकटं टाकून शिष्य पळून गेले होते. तिनं ती मुद्दाम सावकाश गायली.

शुक्रवारी सकाळी माणसं लंगडत परत आली. नेनिता आल्या आल्या शेजारी टेकली आणि पुरिंग गात असतानाच तिच्या कानात कुजबुजली, "रागावू नका हं. मला वाटलं, तुमच्याच्यानं काही ही जागा सोडवायची नाही. दरवर्षी तुम्हीच तर गाता!" आणि लगेच माइक घेऊन सूर लावला. म्हणजे नेनिताला उलट दोन शब्द सुनावायचीही सोय उरली नाही.

बाहेर मामेंग सुमानच्या, म्हणजे पानात बांधलेल्या चिकट गोड भाताच्या, पुड्या वाटत होती. "मावशी, तुमच्या वाटची प्रार्थना आम्ही केली बरं का. पुण्य सारखंच!"

"मग ते पुण्य तूच ठेव," पुरिंगचा बसलेला आवाज चिरकला, "आणि मला माझा रस्ता परत दे!"

मामेंग हसली. तिला ती थट्टाच वाटली.

रुदी पायरीवर बसून पायांचे फोड बघत होता. आईला पाहून त्याचा चेहरा खुलला. "आई, काल काय गायलीस गं! भोंग्यात शब्द कळले नाहीत, पण पुलापर्यंत आवाज येत होता. सगळे गप्प झाले. मी तर चालता चालता छातीवर क्रूसाची खूण केली."

पुरिंग त्याच्या शेजारी बसली आणि कोऱ्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"तुला थांब म्हणत होते रे," ती म्हणाली. "तुझं नाव घेऊन."