स्पॅनची बिमारी

आमच्या बाई चिडल्या की आधी चष्मा काढायच्या. समोरचा माणूस धूसर दिसला की बोलायला सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. कोकणातून सिल्वासाकडे नोकरीला आलेल्या, खडोलीच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या. साहेबलोक त्यांना टरकून असत. आम्ही पोरं मात्र नाही, कारण आमच्यावर त्या चष्मा लावूनच ओरडत.

एकदा तपासणीला साहेब आले. मी पूर्ण तास खिडकीकडेच बघत होते. "हिचा अटेन्शन स्पॅन फारच कमी आहे," साहेब म्हणाले. "हिच्यावर मेहनत वाया घालवू नका." तेवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून तेच ऐकवलं. त्यांना मराठीत सांगायला काय झालं होतं?

वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात आलेले. दुसऱ्या दिवशी ते माझं नाव काढायलाच शाळेत आले आणि बाईंना हळूच म्हणाले, "बाई, हाई स्पॅननी बिमारी डोकानी शे का छातीनी?"

बाईंनी चष्मा काढला. "बिमारी त्या साहेबाला झालीय! लक्ष एका गोष्टीवर किती वेळ टिकतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मी विचारलंय हिला. ही कारखान्याच्या भोंग्याकडे कान लावून बसते. तिचं लक्ष जरा तरी हललं का?"

खरंच होतं ते. भोंगा झाला की आई पाळीवर जायची, तान्हा भाऊ खोलीत एकटा राहायचा आणि मला धावत घर गाठावं लागायचं. वडिलांनी नाव काढायचा विषय सोडून दिला. बाई मला म्हणाल्या, "उद्यापासून भावाला इथंच आण."

भाऊ वर्गात मागे गोधडीवर झोपू लागला आणि मला पहिल्यांदा कविता ऐकू आल्या. पुढच्या तपासणीत साहेबांना ते मूल दिसलं. त्यावरून बाईंची बदली आतल्या सुरंगी गावी झाली. त्या चार्ज देत होत्या तेव्हाच नव्या गुरुजींनी फर्मावलं, "हे पोर बाहेर काढा." त्याला कडेवर घेऊन मीही बाहेर पडले, ती कायमचीच.

बाई निघाल्या तेव्हा बसपाशी मी हुंदके देत होते. बाई खेकसल्या, "रडतेस काय? रडून त्यांचं काय बिघडतं? राग धर!"

पुढे मी बाहेरून परीक्षा देऊन शिकले. त्या साहेबावरचा राग मी आजही सोडलेला नाही.