स्फटिकाची खंडेनवमी

आमच्या दैनिकाचं कार्यालय सोलापुरात सात रस्त्याजवळ होतं. सत्तरच्या दशकात गावात काही घडलं नाही की बातमीसाठी मला कॉलेजात पाठवत. त्या वर्षी खंडेनवमीला पाठवलं.

तिथल्या पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी फॉस्फेटच्या द्रावणातून एक स्फटिक वाढवला होता. द्रावणाचं तापमान जराही हलून चालत नसे. उन्हाळाभर वीज जात होती आणि ते टाकीपाशी बसून होते. लेसरचा डोळ्यांना न दिसणारा किरण अशा स्फटिकातून नेमक्या कोनात गेला, की त्याचा काही भाग दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे हिरवा होऊन बाहेर पडतो. सोलापुरात लेसर नव्हता. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने दसऱ्यानंतरची एक दुपार दिली होती. हिरवा प्रकाश दिसला तर त्यांची पीएच.डी. पुढे सरकणार होती, नाहीतर नाही.

प्राचार्य संस्कृतचे. प्रत्येक विभागाने आपली सर्वांत मोलाची वस्तू पूजेला मांडावी, असा त्यांचा हुकूम होता. या विभागाची सर्वांत मोलाची वस्तू पंखा होती, पण तो छताला होता. विभागप्रमुखांनी स्फटिक आणून टेबलावर ठेवला.

"सर, त्याला पाणी लावू नका. विरघळतो," प्राध्यापक म्हणाले.

"अहो, साधं पाणी नाही. गंगाजल आहे," प्राचार्य म्हणाले.

"गंगाजलातही विरघळतो."

"थेंबाला भिणारी वस्तू मुंबईत जाऊन काय दिवे लावणार?"

पाणी शिंपडलं गेलं. मग हळद, मग कुंकू, मग पुन्हा पाणी.

"पुसू का सर? लई चिकट झालंय की," शिपाई म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता त्याने ओल्या फडक्याने पुसलं. काचेसारख्या बाजू दुधाळ झाल्या.

दसऱ्याला गाव सोनं वाटत फिरत होतं, तेव्हा प्राध्यापक स्फटिकाच्या खराब बाजू घासून काढत होते. मुंबईला गेला तो नखाएवढा तुकडा. त्यातून हिरवा ठिपका पडला. फिकट, पण हिरवा.

हे पूजेचं फळ असल्याचं प्राचार्यांनी सत्काराच्या सभेत जाहीर केलं आणि प्राध्यापकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. "पूजेचा स्फटिकावर परिणाम झाला, हे मी स्वतः पाहिलं आहे," एवढं म्हणून बसले. टाळ्या पडल्या. आमच्या संपादकांनी ते वाक्य चौकटीत छापलं. शास्त्रज्ञाचंच होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.