माझ्या बदली दोन बाया

लोणीत मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा जवळजवळच्या अर्थाच्या शब्दांचा मला भारी सोस होता. पुस्तकातली उदाहरणं पोरांच्या डोक्यावरून जायची, म्हणून मी गावातली द्यायचे. विहिरीवरची जळकी मोटार काढून नवी बसवली, ते रिप्लेस. क्रिकेटमध्ये एकाचा पाय मुरगळला नि दुसरा उतरला, तो सब्स्टिट्यूट. बेल्ह्याच्या बाजारात एकाने खोंड देऊन दुसऱ्याची गाय घेतली, ते एक्सचेंज. बदल म्हणजे सगळं एकच, असं समजून कुणी शब्द कुठेही घुसडला की माझं डोकंच फिरायचं.

एका पोरीने एकदा विचारलं, बाई, सावडीला इंग्रजीत काय म्हणायचं? आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ती सावड. मी एक्सचेंज सांगून मोकळी झाले. शब्दार्थाने बरोबरच होतं.

माझी सावड बांधाला बांध असलेल्या शेजारणीशी. सारा गाव मला बाई म्हणायचा, ही एकटी आक्का. सुट्टी काढून मी कांद्याच्या लागणीला जायचे. एकाच वाफ्यात आम्ही समोरासमोर बसायचो. सासरची उणीदुणी, लेकरांची काळजी, दुखणीखुपणी, सगळं तिथेच निघायचं. घरात जे बोलता आलं नाही ते मी तिच्यापाशी बोलले आहे.

रिटायर झाले आणि गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलं. त्या वर्षी ती माझ्या रानात येऊन लावून गेली. तिच्या लागणीचा दिवस आला तेव्हा मुलगा म्हणाला, काळजी करू नको, तुझ्या बदली नारायणगावहून दोन बाया सांगितल्यात. एकीच्या जागी दोघी, तिचंही लवकर उरकेल. त्याने माझ्यावरच्या मायेपोटीच केलं आणि मलाही ते पटलं. बाया जीपने आल्या, लावून गेल्या. तिने त्यांना पोटभर जेवू घातलं, हे मला मागून कळलं.

पुढच्या हंगामात माझ्या लागणीला ती आली नाही. तिने दोन बाया पाठवल्या. कामाला चोख होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, मालकीणबाई, कुठून धरू? मला रडू आलं. कांदा चिरायच्या आधी लागणीलाच रडणारी मीच असेन.

संध्याकाळी काठी टेकत तिच्याकडे गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती. बाया चांगल्या होत्या गं, पण मला तू हवी होतीस, असं मी म्हणाले. तिने मान वर केली नाही.

“आक्का, तू नुसती बांधाला यिऊन बसली असती, तरी सावड फिटली असती. रोपं काय, कुनीबी लावतंय.”

तिने गोणपाट सरकवलं तशी मी भिंतीला टेकून बसले आणि तिच्या सुपातल्या शेंगा फोडू लागले. मग म्हणाले, यंदा तुझ्या लागणीला येते. मी बांधावर बसेन, तू वाफ्यात बस.

“यंदा लागण न्हाई,” ती म्हणाली. “रान दुसऱ्याला वाट्यानं कसायला दिलंय आमी.”