लाईन कुठून आली?

बाईंच्या वर्गात दिवा लावणं सोपं नव्हतं. बटण दाबलं की प्रश्न यायचा, "लाईन कुठून आली?" आमच्याकडं विजेला लाईनच म्हणतात. तारेतून म्हटलं तर तारेत कुठून, चंद्रपूरच्या कोळशातून म्हटलं तर कोळशात कुठून. उन्हापर्यंत पोचल्याशिवाय सुटका नसे. आरमोरीच्या आमच्या कॉलेजात त्यांना फिजिक्सच्या बाई कोणी म्हणतच नसे. त्या लाईनबाई होत्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा मीच आगाऊपणा केला. "बाई, आमच्याकडं जंगलात ऊन भुईले लागत नाई. तिथी सोलर कसा चालंल?" दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर तीन चौकोन काढूनच उभ्या. पहिल्यात किरणोत्सारी पदार्थ, दुसऱ्यात त्याच्या किरणांनी चमकणारी पूड, तिसऱ्यात त्या उजेडापासून वीज करणारा सोलर सेल.

"किरणं सरळ सेलवर काऊन नाई टाकाची?" मी विचारलं.

"सेल खराब होते. धान तसाच खाते का कोनी? पहिले कांडा, मंग शिजवा."

चंद्रपूरच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही याचंच मॉडेल मांडलं. खरा किरणोत्सारी पदार्थ आम्हाला कोण देणार? पुडीमागे बॅटरीचा बारीक दिवा बसवला होता. मीटरचा काटा हलला आणि परीक्षक हरखले. पहिला नंबर आला तर मी पुढच्या फेरीसाठी नागपूरला जाणार होते, आयुष्यात पहिल्यांदा. "आत खरा पदार्थ आहे?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावणार, तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"नाई साहेब. दिवा आहे."

नंबर गेला. परतीच्या बसमध्ये मी बाईंशी बोलले नाही, इतका राग आला होता. गडचिरोली आल्यावर त्याच म्हणाल्या, "रुसून राह्यली काय? खऱ्यानं हालव न काटा एक दिवस."

आज मी त्याच कामात आहे. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतल्या सीलबंद डबीतून खरीखुरी वीज आली. एखादा छोटा सेन्सर चालावा एवढीच, पण वर्षानुवर्षं पुरणारी. बाई तेव्हा दवाखान्यात होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मीटरचा आकडा दोनदा वाचला आणि शेजारच्या नर्सला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. दम लागत होता, तरी थांबेनात. मला अभिमान माझा नाही, त्यांचाच वाटत होता.

"मुलगी का तुमची?" नर्सनं विचारलं.

निदान आता तरी त्यांनी हो म्हणावं, असं मला फार वाटलं.

"नाई," बाई म्हणाल्या. "पोटची नाई. पन माह्या हातची आहे."