भिमाजी काकांचा निळा शर्ट

मी फार्मसीच्या थर्ड इयरला आहे आणि डोकं तापलेलं असतानाच हे लिहितेय, नाहीतर लिहिणारच नाही.

आमच्या कॉलेजात भिमाजी काका प्रयोगाचे ससे सांभाळतात. मूळचे सायखेड्याचे, आता नाशिकरोडला आमच्याच कॉलनीत राहतात. दर रविवारी विहारात वंदनेला पहिल्या रांगेत. पंचशीलातलं पहिलंच शील, जीवहत्या करणार नाही, ते इतकं मोठ्यानं म्हणतात की लहान पोरं हसतात. मग शेजारचे गोटीराम आजोबा टोमणा मारणारच, "काय भिमाजी, या आठवड्यात किती मारले?" काका हसत म्हणायचे, "मारत नाय बाबा. आमी उठवतो."

कारण आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी त्यांना तसंच सांगितलं होतं, माझ्यासमोर. हार्टचा प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच काकांनी विचारलं होतं, जीव जाणार असेल तर मला दुसरं काम द्या. मॅडम म्हणाल्या, सशाला भूल देऊन हृदयाचा ठेका बिघडवायचा, ते नुसतं थरथरायला लागलं की शॉक देऊन परत ताळ्यावर आणायचं, माणसं वाचवायची मशीन अशीच सुधारतात. नंतर ससे निफाडला एका द्राक्षबागवाल्याकडे पाळायला जातात, असंही म्हणाल्या. काकांना पटलं. मलापण.

घाबरलेल्या सशाचं रीडिंग बिघडतं. म्हणून काका आपला अंगातला शर्ट आदल्या दिवशी पिंजऱ्यात ठेवायचे. त्या वासावर ससा गपगार झोपायचा. मॅडम कौतुकानं म्हणायच्या, तुमच्या शर्टशिवाय माझं काम होत नाही.

मंगळवारी कचरा उचलणारा आला नव्हता, म्हणून लॅबमागच्या पिवळ्या पिशव्या काकांनी उचलल्या. एक फाटली. आत त्यांचा निळा शर्ट, आणि त्यात गुंडाळलेली काळ्या कानाची ससी. छाती उघडलेली. अरे, ती शॉकनं उठली होती! स्क्रीनवर ठोके परत आले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

काका मॅडमकडे गेले. मॅडमनी समजावलं, शॉकनंतर हृदय आतून बघावंच लागतं, भुलीतच करतो, त्रास होत नाही, सगळी परवानगी आहे. असेल. मग म्हणाल्या, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

"वाईट तर वाटलंच असतं मॅडम," काका म्हणाले, "पण माझ्या वासावर तिला निजवलं नसतं मी."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी परत शर्ट मागितला. काकांनी पिंजरा धुतला, पाणी भरलं, पाला घातला आणि म्हणाले, तुमचा ॲप्रन ठेवा. ठेवला. ससा कोपऱ्यात पाय आपटत राहिला, प्रयोग पुढे ढकलावा लागला.

आज रविवार. काका विहारात दारापाशी, चपलांजवळ बसले. पहिलं शील आलं आणि ते गप्पच. बाकीची चार म्हणाले. गोटीराम आजोबांनी काही विचारलं नाही, फक्त स्वतःशेजारची सतरंजी हातानं झटकून त्यांच्याकडे बघितलं.

काका जागचे हलले नाहीत.